जमनाचे अकरा सेकंद

चिकूचा थंडीतला मोसम सुरू झाला की माझी चिडचिड सुरू होते. घरात सगळ्यांना हे माहीत आहे. डहाणू स्टेशनबाहेर हातगाड्यांवर तपकिरी ढीग दिसायला लागतात, ऑफिसात कोणीतरी पिशवी भरून आणतं, टेबलाटेबलावर चार-चार फळं ठेवतं, आणि मी म्हणते, मला नको, माहेरी वाडी आहे. लोकांना वाटतं मी शिष्ट आहे. शिष्ट मी आहेच, त्यात नवीन काही नाही. पण चिकू न खाण्याचं कारण ते नाही. चिकू फोडला की त्या गोड वासातून एक अंगण वर येतं. अंगणात गोणपाट अंथरलेलं असतं आणि गोणपाटाच्या त्या टोकाला जमना बसलेली असते. मान खाली, हात चालू. ती आता वर बघेल, असं मला दर वर्षी वाटतं. ती बघत नाही.

आमची वाडी डहाणूहून बोर्डीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला. समुद्र दिसत नाही, पण दुपारनंतर वारा सुटला की पानांवर खारटपणा बसतो. थंडीत सकाळी झाडाखालून गेलं तर दवाने डोकं भिजायचं, आणि आई म्हणायची, पाऊस नसताना भिजून आलीस, तुझ्यासारखी तूच. जमनाचे आईवडील तलासरीकडच्या पाड्यावरून कामाला आलेले, ते वाडीतच राहिले. वाडीच्या मागच्या कुंपणाला लागून त्यांचं कुडाचं घर होतं. जमना आणि मी एकाच वर्षीच्या. एकाच शाळेत, एकाच बाकावर. आमच्या घरी ती ओटीपर्यंत यायची, त्यांच्या घरी मी थेट चुलीपर्यंत जायचे. हा फरक मला त्या वयात कधी दिसला नाही. तिला दिसत असणार. जमनाच्या आईची नाचणीची भाकर आणि भाजलेली सुकट खाऊन मी घरी जेवायचं टाळायचे, आणि आई दोघींच्या नावाने शंख करायची.

दहावीनंतर मी डहाणूच्या कॉलेजात गेले, ती वाडीच्या कामाला लागली. तेव्हाही मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. दुपारी परत आले की मी दप्तर फेकून तिच्या समोर बसायचे. जाळीच्या लांब काठ्यांनी उतरवलेली फळं टोपल्यांतून यायची. प्रत्येक फळाच्या देठातून पांढरा चीक गळत असायचा. फळ गोणपाटावर घासून त्यावरची भुकटी काढायची, नखाने जरासं खरवडून बघायचं. आत हिरवं दिसलं तर ते कच्चं, पिवळसर दिसलं तर ठीक. मग आकाराप्रमाणे तीन ढीग. मी दहा फळं करेपर्यंत जमना तीस करायची, आणि तेही माझ्याकडे बघून, बोलत, हसत. ती फळाकडे बघायचीच नाही. तिच्या बोटांना कळायचं. चीक सुकला की काळा पडतो, त्यामुळे पूर्ण थंडीभर तिची बोटं पेरांपर्यंत काळी असायची. मी तिला चिडवायचे, तू काय शाई पितेस का गं. ती तीच बोटं माझ्या गालाला पुसायची.

त्या वर्षी आमच्या वाडीत सिनेमा आला. पडद्यावरचा नव्हे, खरा. चार टेम्पो, एक मोठी गाडी, छत्र्या, तारांची भेंडोळी. वडील आधी नको म्हणत होते, मग गावभर स्वतःच सांगत सुटले. गोष्ट होती दोन मैत्रिणींची. एक दुसरीवर इतका जीव टाकते की तिच्यासारखे केस विंचरते, तिच्यासारखी साडी नेसते, तिचं हसू उचलते. दुसरीला कोणी तिसरं आवडलेलं हिला सोसत नाही. शेवटी ही तिचंच घर मोडते. रेवती नावाची एक उंच, सडसडीत बाई दिग्दर्शकाची मदतनीस होती. तिने आम्हा दोघींना पायरीवर बसवून ही सगळी गोष्ट सांगितली. मी हसले. म्हटलं, मैत्रीण कुठे अशी असते का? हे सगळं सिनेमावाल्यांच्या डोक्यातलं. जमना हसली नाही. ती म्हणाली, असतात. मग लगेच उठून टोपली उचलून गेली.

हिरॉइन मुंबईची होती, गोड होती, आणि तिला चिकू घासता येत नव्हता. तिने फळ हातात धरलं की कोणीतरी तिच्या हातात जिवंत बेडूक दिल्यासारखं वाटायचं. तेव्हा दिग्दर्शकाने ठरवलं की तोंड तिचं घ्यायचं आणि हात दुसऱ्या कोणाचे तरी. रेवतीने मला विचारलं. मालकाची मुलगी, कॉलेजात जाणारी, चार शब्द नीट बोलणारी. मी हो म्हणायच्या आधी आईनेच हो म्हणून टाकलं.

आता मी जे केलं ते आमच्या पट्ट्यातली मुलगीच करू जाणे. संध्याकाळी मी हातांवर रॉकेल चोळलं, मग खोबरेल, मग राख, मग लिंबू. चिकाचा एकूण एक डाग काढला. नखांच्या कडा सुईने साफ केल्या. काकूकडची गुलाबी नेलपॉलिश लावली, दोन हात दिले. सिनेमात जायचं म्हणजे हात स्वच्छ नकोत? रॉकेलच्या वासाने जेवण गेलं नाही, तरी मी उताण्या हातांनी बसून राहिले. सकाळी दिग्दर्शकाने माझे हात बघितले, उलटे केले, सुलटे केले, आणि आजूबाजूला बघायला लागला. अंगणात जमना बसली होती. तिची बोटं काळी होती.

“हे,” तो म्हणाला. “हे हात पाहिजेत.”

सगळे तिच्याकडे वळले. ती आधी माझ्याकडे बघत होती, माझी परवानगी मागत असल्यासारखी. मी मोठ्या मनाने मान हलवली. ते मोठं मन किती खोटं होतं हे फक्त मला माहीत होतं.

माझं काम मग काय, तर हिरॉइन यायच्या आधी तिच्या जागी उभं राहायचं, म्हणजे त्यांना दिवे लावता येतात. मी उभी राहायचे. दिवे माझ्यावर लागायचे, सगळं जुळलं की मला म्हणायचे, हो बाजूला. चार दिवस मी बाजूला होत होते. आणि जमना गोणपाटावर बसून रोजचंच काम करत होती, फक्त आता तिच्या हातांसमोर कॅमेरा होता आणि दहा माणसं श्वास रोखून होती. आमच्याच वाडीत, आमच्याच चिकूंवर, तिचे हात. असं मी तेव्हा मनात म्हटलं, अगदी याच शब्दांत. त्या “आमच्याच” शब्दाची मला आजही लाज वाटते, पण तो माझ्या मनात आला होता हे खरं आहे आणि मी ते लपवणार नाही.

त्यानंतर मला तिच्या हातांचं वेडच लागलं. सिनेमावाले निघून गेले तरी मी बघत राहायचे. ती फळ कसं उचलते, अंगठा कुठे ठेवते, मनगट किती वळवते. खोलीचं दार लावून मी आरशासमोर दोन बटाटे घेऊन तसंच करून बघायचे. नेलपॉलिश पहिल्याच दिवशी काढली होती. आता मी मुद्दाम बोटांना चीक लावून तो सुकू द्यायचे. आईला वाटलं मुलीला कामाची गोडी लागली. रेवतीने सांगितलेली गोष्ट माझ्याच बाबतीत चालली आहे हे मला कसं कळलं नाही कोण जाणे. कळलं असेलही. आपल्याला नको असलेलं आपण ऐकत नाही, एवढंच.

फोन आला तो चैत्रात. उन्हं तापली होती, मोसमाचा जोर उतरला होता, अंगणात ढीग लहान झाले होते. जमनाकडे फोन नव्हता, म्हणून रेवतीने आमच्या घरचा नंबर नेला होता. ती घाईत होती. म्हणाली, पुढच्या सिनेमात एक काम आहे, लहान आहे पण बोलायचं काम आहे, फक्त हात नाहीत, आख्खी जमना पाहिजे. दिग्दर्शकाने तिचं नाव घेतलं. सोमवारपर्यंत घेऊन येशील का? तिने कामही समजावून सांगितलं, कारण मीच पुढे जमनाला सांगणार होते. मी ओटीवर उभी होते. वीस पावलांवर जमना पाठमोरी बसली होती, काहीतरी गुणगुणत होती. कामाबद्दलचं सगळं मी नीट ऐकून घेतलं.

“जमनाचं लग्न झालं,” मी म्हणाले. “सुरतेकडे दिली तिला. आता ती इकडे नसते.”

त्या सिनेमात मैत्रिणीला दगा द्यायला दोन तास वीस मिनिटं लागली. मला तेवढी लागली नाहीत. रेवती अरेरे म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मी जाऊन जमनाच्या समोर बसले आणि तिला मदत करू लागले. तिने विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, कॉलेजातली मुलगी.

दोन दिवसांनी आम्ही विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेला गेलो, दर वर्षी जायचो तशाच. त्या दिवशी मी जमनावर इतकी माया केली की तिला संशय यायला हवा होता. तिला बांगड्या भरल्या, हिरव्या, डझनभर. पाळण्यात बसवलं. उसाचा रस पाजला, स्वतःचा ग्लासही तिलाच दिला. ती म्हणाली, आज काय झालंय तुना? मी म्हटलं, काही नाही, तू माझी एकच मैत्रीण आहेस. हे मी खरं बोलले होते. मला ती हवी होती, फक्त माझ्याहून पुढे गेलेली नको होती. देवीपुढे हात जोडून मी काय मागितलं ते मला चांगलं आठवतं. मी मागितलं, की हे तिला कधी कळू नये.

त्यानंतर परीक्षा आली, मी डहाणूला मावशीकडे राहायला गेले. परत आले तेव्हा जमना मला शैलाताई म्हणू लागली होती. वाडीतल्या बाकी बायका म्हणायच्या तशी. आधी ती शैलू म्हणायची, कधी शैले, रागात असली तर आणखी काही. मी हसून म्हटलं, ताई काय गं, तू माझ्याहून दोन महिन्यांनी मोठी आहेस. ती म्हणाली, आता आपण मोठ्या झालो. पाऊस लागायच्या आत ती आईबरोबर पाड्यावर शेतीला गेली आणि पुढच्या मोसमाला आलीच नाही. तिची आई एकटी आली. मग तिचं लग्न झालं, खरोखरचं, तलासरीच्या पलीकडे. पत्रिका आली नाही. तिच्याकडे पत्रिका छापत नसतील, असं मी स्वतःला समजावलं. पुढे माझं लग्न झालं, नोकरी लागली, मुलं झाली. वर्षं गेली ती अशी, म्हणजे सगळ्यांची जातात तशी.

मात्र दर थंडीत माहेरी गेले की मी कुंपणामागे एकदा जाऊन येते. कुडाचं घर केव्हाच पडलं. तिथे आता पंपाची खोली आहे. वाडीतली निम्मी झाडं म्हातारी झाली, पूर्वीसारखं फळ धरत नाहीत, भाऊ म्हणतो काढून टाकू. रस्त्यावर किनाऱ्याला होऊ घातलेल्या बंदराच्या विरोधातले फलक लागलेत, गावात दुसरा विषय नसतो. मी सगळ्यांच्या बोलण्यात भाग घेते, पण माझं मन गोणपाटावर असतं. मला समोर बसून कोणीतरी चिडवायला हवं असतं. ऑफिसात माणसं चांगली आहेत, शेजारणी जीव लावणाऱ्या आहेत, पण गालाला काळी बोटं पुसेल असं कोणी नाही. या वयात नवीन मिळतही नाही. आणि मी स्वतःहून घालवलं, त्यामुळे कोणाकडे तक्रारही करता येत नाही.

गेल्या महिन्यात भाचीने तो सिनेमा मोबाइलवर शोधून काढला. आत्या, आपली वाडी! ती किंचाळलीच. सगळे जमून बघायला बसले. वडील प्रत्येक झाड ओळखत होते. मग ते हात आले. हिरॉइनचं तोंड, मग हात, मग पुन्हा तोंड. हातांनी एक चिकू उचलला, गोणपाटावर फिरवला, नखाने खरवडला आणि ठेवला. दुसरा उचलला, तो मात्र ठेवता ठेवता हात थांबले, जरासा दाबून बघितला आणि वेगळ्या बाजूला ठेवला. सगळं मिळून अकरा सेकंद. भाची म्हणाली, किती सुंदर हात आहेत हिचे. हिरॉइनचे, असं तिला वाटत होतं. मी उठून आत गेले. नंतर तो भाग मी इतक्या वेळा बघितला की मोबाइल तापला. आणि पहिल्यांदा मला नुसती आठवण आली नाही, भीती वाटली. आम्ही दोघी पन्नाशीकडे झुकू, मग साठीकडे, आणि एके दिवशी कोणीतरी येऊन सांगेल की जमना गेली. मी तिला सांगितलेलं नसेल.

म्हणून गेल्या शनिवारी तलासरीची एसटी पकडली. तिच्या मामेभावाकडून पत्ता काढला होता. जमना पाड्यावरच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. मी पोचले तेव्हा मुलं जेवून पांगली होती आणि ती ओट्यावर ताटं धूत होती. केस पिकलेत, चष्मा लागलाय. मला बघून ती दचकली नाही. पाणी दिलं, सावलीत बसायला पाट दिला, वडील कसे आहेत विचारलं. मी वाटभर जुळवलेली वाक्यं विसरले आणि एकदम फोनचंच सांगून टाकलं. रेवतीचा फोन आला होता, तुला बोलावलं होतं, मी खोटं सांगितलं.

तिचे हात क्षणभर थांबले, मग परत ताट घासू लागले.

“मना माहीत आहे,” ती म्हणाली. “तवाच माहीत झालं.”

मग तिने सांगितलं ते असं. मी परीक्षेला डहाणूला असताना रेवती वाडीवर आली होती. सिनेमाला वाडीतले आवाज हवे होते, पाखरांचे, पानांचे. फाटकाशीच तिला जमना दिसली. रेवती चकित झाली. म्हणाली, तू तर लग्न होऊन सुरतेला गेलीस ना, तुला नव्या कामाला बोलवायला फोन केला तेव्हा शैला म्हणाली. आणि काम काय ते सांगायला लागणार तोच जमनाने तिला थांबवलं. ती म्हणाली, हो, गेले ना, माहेराला आलेय चार दिवस. नवरा पाठवणार नाय कुठे.

मी विचारलं, का? तू का असं सांगितलंस?

“मग काय करू?” ती म्हणाली. “तुना खोटी पाडू? परक्या बाईसमोर? आमच्या चुलीपाशी जेवलेली तू.” तिने पुढचं ताट ओढलं. “पण त्याच्या मागून तुझ्या तोंडाकडे बघवलं नाय मना. म्हणून नाय आले.”

इतकी वर्षं मला वाटत होतं की गुपित माझ्याकडे आहे. ते तिच्याकडे होतं, आणि तिने माझं नाव राखून ते सांभाळलं होतं. मला रडू आलं. तिने रडू दिलं, जवळ आली नाही. समोरच्या चिंचेखाली कोंबड्या उकरत होत्या. तिने शेवटचं ताट उपडं घातलं, हात पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

“एक सांग,” ती म्हणाली. “मी त्या बाईला विचारलं नाय. विचारलं असतं तर तिला कळलं असतं मना जायचंय. काय काम होतं ते? काय करायचं होतं मना?”

मला ते पाठ होतं. फोनवर ऐकलं होतं तसं, शब्दान् शब्द. मी सांगितलं. एका बागायतदाराच्या घरी लहानपणापासून काम करणारी मुलगी. एक दिवस ती अंगणात काम करता करता हात थांबवते, उठते आणि ओटीवर बसलेल्या मालकिणीसमोर जाऊन उभी राहते. खाली मान घालत नाही. म्हणते, उद्यापासून मी येणार नाही. मालकीण पुन्हा पुन्हा कारण विचारते. ती सांगत नाही. अंगणातून चालत फाटकापर्यंत जाते, एवढंच काम.

जमना लक्ष देऊन ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, मागे वळून बघते का? मी म्हटलं, नाही, तसं काही सांगितलं नव्हतं. तिने समोरच्या अंगणाकडे बघितलं, ओट्यापासून विणलेल्या झापांच्या फाटकापर्यंत, सावकाश.

“केलं असतं मी,” ती म्हणाली. “चांगलं केलं असतं.”

मी हो म्हणाले. माफी मागायला म्हणून गेले होते, ती मागायची राहूनच गेली.